पुस्तकांचे कपाट आणि स्वयंपाकघर

वाचनाची आवड असलेल्या माणसाच्या घरी पाहुणा गेला की त्याची नजर प्रथम पुस्तकांच्या कपाटाकडे वळते. काचेआडच्या ग्रंथांची नावे वाचून तो यजमानाच्या रुचीविषयी काही एक मत बनवतो. वस्तुतः कपाटावरून कळते ते इतकेच की, या घराने कोणती पुस्तके विकत घेतली. घराने काय वाचले आणि वाचलेल्यातले काय त्याच्या अंगी मुरले, हे पाहावयाचे असेल तर जेवणाच्या वेळेपर्यंत थांबावे लागते. पाने वाढली जात असता घरातील माणसे कोणत्या शब्दांनी बोलतात, एखादा जुना शब्द ऐकून मुले चमकतात की हसून पुढे जातात, यावरून त्या घराच्या वाचनाची खरी पारख होते.

जेथे घरात, शाळेत आणि बाजारात एकच भाषा चालते तेथे हा फरक फारसा जाणवत नाही. जेथे तीनचार भाषा एकाच अंगणात वावरतात तेथे मात्र तो लपून राहत नाही. गुलबर्गा हे असेच एक गाव आहे. १३४७ मध्ये बहमनी राज्याची राजधानी म्हणून ते नावारूपास आले. पुढे पंधराव्या शतकात राजधानी बिदरला गेली. किल्ल्यातील १३६७ ची जामा मशीद, ख्वाजा बंदेनवाज यांचा दर्गा आणि शरणबसवेश्वरांचे देवालय ही या गावाची ओळख. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि गुलबर्गा, बिदर व रायचूर हे जिल्हे म्हैसूर राज्यात आले. त्या राज्याचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून गुलबर्ग्याचे अधिकृत नाव कलबुर्गी असे झाले. नकाशावर रेघ ओढली गेली. पण रेघेच्या दोन्ही बाजूंना ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि शेंगांची चटणी पूर्वीचीच राहिली.

अशा गावातील एक मराठी घर डोळ्यांपुढे आणावे. हे घर अमक्या एकाचे असे नव्हे. या भागात अशी घरे पुष्कळ आहेत. त्या सर्वांचे मिळून हे एक चित्र समजावे.

घरातील वडील गृहस्थ पंचाहत्तरीला आलेले आहेत. मुलगा, सून आणि नातवंडे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांचे वडील निजामाच्या अमदानीत शिकले. शाळेत उर्दू, बाजारात कानडी आणि घरी मराठी असा त्या पिढीचा क्रम होता. स्वतः अण्णा मराठी शाळेत शिकले आणि पुढे सरकारी कचेरीत नोकरीला लागले तेव्हा टिपणे कानडीत लिहू लागले. मुलाचे शिक्षण कानडीत झाले. नात इंग्रजी शाळेत जाते. कानडी हा तिचा अभ्यासाचा विषय आहे, आणि हिंदीच्या तासामुळे देवनागरी तिला वाचता येते. म्हणजे आजोबांच्या कपाटातील अक्षरे तिच्या ओळखीची आहेत. अर्थ मात्र वाटेत कोठेतरी हरवलेला आहे.

ते कपाट सागवानी आहे आणि वरपासून खालपर्यंत भरलेले आहे. मुंबईहून येणारा लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरपाशी मद्रासच्या मार्गाला मिळाला. तेव्हापासून या गावाला मराठी वर्तमानपत्रे आणि ग्रंथ पोहोचवण्याचे काम आगगाडीने केले. सोलापूर शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर. तेथे काही कामासाठी गेलेला माणूस परतताना मुलांसाठी खाऊ आणि स्वतःसाठी एखादे पुस्तक घेऊन येई. अण्णांचे कपाट असे एकेका फेरीने भरलेले आहे. त्यात हरिभाऊंच्या कादंबऱ्या आहेत, दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे जाडजूड भाग आहेत आणि मोल्सवर्थच्या कोशाचे पुनर्मुद्रणही आहे.

अण्णांच्या वाचनाची जागा मात्र कपाटाजवळ नव्हती. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी होती. कचेरीतून आल्यावर हातपाय धुऊन ते तेथे पाटावर बसत. पत्नी आत तूरडाळ निवडीत असे किंवा भाकऱ्या थापीत असे, आणि अण्णा मोठ्याने वाचीत. डाळ निवडणाऱ्या माणसाचे हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. त्या बाईंची शाळा चार इयत्तांपुढे गेली नव्हती. पण या उंबऱ्यावरून त्यांनी कादंबऱ्या ऐकल्या, प्रवासवर्णने ऐकली, चरित्रे ऐकली. मध्येच त्या अण्णांना थांबवीत आणि एखाद्या पात्राच्या वागण्यावर आपला निकाल देत. तो बहुधा टीकाकारांच्या निकालापेक्षा रोखठोक असे.

त्यांचे माहेर उमरग्याकडचे. त्यांच्या बोलण्यात एखादा वेगळा शब्द आला की अण्णा उठून कोश काढीत. मोल्सवर्थचा कोश प्रथम १८३१ मध्ये निघाला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये आली. तीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. दाते-कर्व्यांचा कोश १९३२ पासून १९३८ पर्यंत भागाभागांनी प्रसिद्ध झाला आणि १९५० मध्ये त्याला पुरवणी जोडली गेली. कोश ही एरवी अडल्यावेळी उघडण्याची वस्तू. या घरात तो रोजच्या जेवणातल्या लोणच्यासारखा होता; थोडा, पण नित्य.

त्या शोधातून एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली. मराठी माणूस ज्याला शुद्ध आपले घरचे समजतो, ते पुष्कळदा शेजारचे निघते. तूप हा शब्द कानडी तुप्प या शब्दाशी जोडला जातो. कानडीत सुपारीला अडके म्हणतात. अडकित्त्याचे मूळ तेथेच. उप्पु म्हणजे मीठ आणि हिट्टु म्हणजे पीठ, या दोहोंचे मिळून उप्पीट झाले. हुडकणे हे क्रियापदही कानडीतलेच, आणि अण्णा व अक्का ही घरोघरची नाती तिकडचीच. लिहिण्यावाचण्याची सामग्री पाहावी तर ती फारसी-अरबीकडून आलेली: कागद, शाई, दौत, कलम. परकीय शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश शिवकालात तयार झाला. त्यात खाण्यापिण्याच्या वस्तूंचा भोग्यवर्ग होता आणि लेखनवर्गही होता. तरीसुद्धा कागद हा कागदच राहिला. बटाटा, पाव आणि पगार ही तर पोर्तुगिजांची देणगी. पैकी पगारावाचून पहिली दोन घरात येत नाहीत! शं. बा. जोशी यांनी १९५२ मध्ये ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ या ग्रंथात मराठी आणि कानडी यांच्या जुन्या नात्याचा विचार विद्वानांपुढे मांडला. गुलबर्ग्याच्या स्वयंपाकघरात ते नाते रोज परातीत मळले जात होते. परात हा शब्दही पुन्हा पोर्तुगीजच.

या शब्दांच्या देवघेवीचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे मार्गशीर्षातील अमावस्या. लातूर, उस्मानाबाद, सोलापूर, बिदर आणि गुलबर्गा या सर्व भागांत त्या दिवशी शेतकरी कुटुंबे शेतात जातात. कडब्याची खोप करतात, तीत पांडवांची पूजा मांडतात आणि शेतातच जेवतात. मेथी, कांद्याची पात, तुरीचे व हरभऱ्याचे ओले दाणे, वाटाणे आणि बेसन यांची दाट भज्जी, बाजरीचे उंडे आणि ताकात आंबवलेली ज्वारीच्या पिठाची आंबील हा त्या दिवसाचा बेत. कानडीत तिला एळ्ळ अमावस्या म्हणतात. एळ्ळु म्हणजे तीळ. मराठीत आल्यावर तिची येळवस झाली, आणि शिकलेल्या माणसाला येळ हा शब्द गावंढळ वाटल्यामुळे त्याने तो सुधारून वेळ अमावस्या असे नाव केले. तिळाची वेळ झाली! पण भज्जीच्या चवीत त्यामुळे काही अंतर पडले नाही.

काही वर्षांपूर्वी अण्णांच्या पत्नी वारल्या. त्यानंतर अण्णांचे वाचन थांबले नाही, ते मुके झाले. पाट उचलला गेला. अण्णा खिडकीजवळ खुर्ची घेऊन मनातल्या मनात वाचू लागले. घरात कोणाशी कोणाचे वितुष्ट नव्हते. मुलगा कर्तबगार, सून प्रेमळ. पण दिवसभरात घरात जी मराठी उच्चारली जाई ती चार-दोन वाक्यांपुरती उरली. जेवायला या, औषध घेतले का, दिवा मालवू का. इतक्या शब्दांवर भाषा फार काळ जगत नाही.

अशा स्थितीत एके दिवशी कपाटाचा प्रश्न निघाला. घरात एक खोली वाढवावयाची होती आणि कपाट वाटेत येत होते. मुलगा नम्रपणे म्हणाला, “अण्णा, ही पुस्तकं एखाद्या वाचनालयाला द्यावीत असं मला वाटतं. इथे ती कोण वाचणार? मला वाचायला वेळ लागतो, आणि मुलीला तर तुमची मराठी कळतही नाही. तिथे निदान कोणाच्या हातात तरी पडतील.”

हे बोलणे निष्ठुर नव्हते, आणि त्यात खोटेही काही नव्हते. ज्या भाषेत मुलगा शिकला, ज्या भाषेत तो आपला व्यवसाय करतो, ती भाषा त्याला जवळची वाटावी यात अपराध कोणता? अण्णांनी उत्तर दिले नाही. त्यांनी फक्त येळवस होईपर्यंतची मुदत मागितली.

त्या अमावस्येच्या अगोदर नातीच्या मनात आले की, या खेपेस भज्जी आजी करीत असे तशीच करावी. सुनेला अंदाज होता, प्रमाण ठाऊक नव्हते. आजींची स्वयंपाकाची एक वही होती. शोधाशोध झाली आणि ती अखेर सापडली ती फडताळात नव्हे, पुस्तकांच्या कपाटात, शब्दकोशाच्या दोन भागांच्या मध्ये. नातीने ती उघडली आणि अक्षर लावीत वाचू लागली. पहिल्याच ओळीला ती अडली.

“अण्णा, चिपटं म्हणजे किती?”

कित्येक महिन्यांत त्या घरात कोणी मराठी शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. अण्णा खुर्चीवरून उठले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी आले. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची एक पायली, हे कोष्टक त्यांनी तिला सांगितले. धान्य मापण्याचा शेर वेगळा आणि तोलण्याचा वेगळा. तोलण्याचा पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. एप्रिल १९६२ पासून देशात किलोग्रॅमची वजने सक्तीची झाली आणि बाजारातून शेर गेला. पण आजींच्या वहीतून तो गेला नव्हता. सुनेने धान्याच्या कोठीमागून एक काळवंडलेले पितळी माप काढून आणले. तेच चिपटे निघाले. तिघांनी मिळून त्यात डाळ भरली आणि तिचे वजन करून पाहिले. त्या संध्याकाळी पावशेर, ओंजळ आणि चिमूट या शब्दांचीही चौकशी झाली.

वहीच्या समासात आजींनी आणखी काही लिहून ठेवले होते. कृतीच्या शेजारी कोठे पुस्तकाचे नाव, कोठे पानाचा आकडा. वाचन कोठवर आले याची ती खूण होती. भज्जीच्या कृतीपाशी ‘स्मृतिचित्रे’ हे नाव होते. नातीने विचारले, “हे पण खायचं आहे का?” अण्णा पुष्कळ दिवसांनी मोठ्याने हसले आणि त्यांनी ते पुस्तक कपाटातून काढले.

निवड आजींची होती आणि ती चुकली नव्हती. लक्ष्मीबाई टिळकांचे हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाले. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. लिहावाचावयास त्या लग्नानंतर शिकल्या. घर, चूल, पाहुणे, उसनवारी, रुसवेफुगवे यांतूनच त्यांचे लिहिणे उभे राहिले. स्वयंपाकघर आणि ग्रंथ यांच्यामध्ये त्यांनी भिंत ठेवली नाही. म्हणून ज्याची मराठी जेवणाच्या शब्दांपुरती उरली आहे, त्यालाही त्या पुस्तकाचे दार ठोठावता येते. अण्णांनी एक पान वाचले. अर्धे नातीला कळले, अर्धे तिने विचारले. दुसऱ्या दिवशी दुसरे पान झाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या चित्रावरून कोणी असे समजू नये की, कानडीच्या लोंढ्यातून मराठीचा एक ओंडका वाचवला गेला. या भूमीचा इतिहास तसा नाही. गुलबर्गा जिल्ह्यातच, भीमा आणि अमरजा यांच्या संगमाजवळ, गाणगापूर आहे. श्रीनृसिंहसरस्वतींच्या या स्थानी आजही भक्त दुपारी दारोदार माधुकरी मागतात. मागणाऱ्यांत मराठी माणसे पुष्कळ असतात आणि वाढणारी घरे कानडी असतात. मराठी घरांतून ज्याचे सप्ताह होतात तो गुरुचरित्र हा ग्रंथ सरस्वती गंगाधरांनी लिहिला. त्यांची घरची भाषा कानडी होती. महाराष्ट्राची भाषा आपली नव्हे, हे त्यांनी ग्रंथात मोकळेपणाने सांगितले आहे. तरी तो ग्रंथ मराठीचा झाला. गोव्यात आलेले फादर स्टीफन्स तर मूळचे इंग्रज. १६१६ मध्ये छापलेले त्यांचे क्रिस्तपुराण सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. उलट बाजूने पाहावे तर धारवाडचे द. रा. बेंद्रे. त्यांची मातृभाषा मराठी. पण अंबिकातनयदत्त या नावाने ते कानडीचे थोर कवी झाले आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या ‘नाकुतंती’ या संग्रहाला मिळाला. १९४४ ते १९५६ या काळात सोलापूरच्या महाविद्यालयात शिकवताना त्यांचा दोन्ही भाषांशी रोजचा संबंध राहिला. त्यांनी मराठीतही लिहिले. बेंद्रे कानडीत गेले म्हणून मराठी दरिद्री झाली नाही, आणि सरस्वती गंगाधर मराठीत आले म्हणून कानडीचे काही उणे झाले नाही. यांच्यापैकी कोणीही वाचन सोडले नव्हते. घराने भाषा बदलली तर तोटा होतो, पण तो पुढच्या पिढीत भरून निघू शकतो. घराने वाचन सोडले तर मात्र तो कोणत्याच भाषेत भरून निघत नाही.

हे अण्णांना उमगले तेही नातीमुळेच. ‘स्मृतिचित्रे’ची काही पाने झाल्यावर ती आपले कानडीचे पुस्तक घेऊन उंबऱ्यापाशी बसली. त्यात बेंद्र्यांची कविता होती. ती वाचू लागली आणि अण्णांना एका कडव्यात तीन शब्द अडले. तीस वर्षे कानडीत टिपणे लिहिलेल्या माणसाला कविता कळेना! त्यांची कानडी फायलींची होती. अर्ज, आदेश आणि स्मरणपत्रे यांपुढे ती कधी गेली नव्हती. ज्या भाषेने घराला अन्न दिले, तिच्यातील एकही कवितासंग्रह आपल्या कपाटात नाही, हे त्या दिवशी त्यांच्या ध्यानात आले. मुलाला मराठी ग्रंथ परके वाटले याचे त्यांना दुःख होते. पण मुलाची वाचनाची भाषा आपणही परकीच ठेवली होती, ही बाजू त्यांनी आजवर पाहिली नव्हती. अडलेले तीन शब्द नातीने आणि तिच्या वडिलांनी मिळून समजावले. त्या घरात मुलाने बापाला काही वाचून दाखवण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

अमावस्या झाली. शेतात पंगत बसली. भज्जी आजींसारखी झाली की नाही याबद्दल मतभेद झाले, आणि चांगल्या घरात तसे व्हावयासच हवेत. मुदत संपली म्हणून अण्णांनी स्वतःच कपाटाचा विषय काढला. अनेक वर्षांत ज्या पुस्तकांना हात लागला नव्हता ती त्यांनी निवडून बाजूला केली आणि वाचनालयाकडे पाठवली. त्यांना वाचक मिळाला तर तेथेच मिळेल. सुमारे तीस पुस्तके आणि दोन्ही कोश घरात राहिले. कपाट वाटेतून निघाले आणि मुलाने स्वयंपाकघराच्या दाराशेजारी एक लांब फळी ठोकून दिली. फळीचा एक भाग मोकळा ठेवला आहे. तेथे कानडी पुस्तके यावयाची आहेत. पहिली दोन आलीही आहेत. पितळी चिपटेही तेथेच आहे.

सीमेवरच्या घरांची ही गोष्ट सीमेपुरती नाही. पुण्यामुंबईच्या घरांतही आज आजोबा एका भाषेत वाचतात आणि नातवंडे दुसऱ्या; कित्येक घरांत तर कोणीच काही वाचत नाही. आपले ग्रंथ पुढे कोण वाचणार, ही चिंता वयस्कर माणसे कपाटाकडे पाहून करतात. ती चिंता स्वयंपाकघराकडे पाहून केली तर तिला उपाय सापडण्याचा संभव अधिक. मुलांना पुस्तक हाती देऊन वाच म्हणण्यापेक्षा, भाजी निवडली जात असता दोन पाने त्यांना वाचून दाखवावीत. अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगावा आणि त्यांच्या पुस्तकातला अडलेला शब्द त्यांना विचारावा. यास खर्च नाही आणि अर्ध्या तासापलीकडे वेळही लागत नाही.

अण्णांचा पाट पुन्हा उंबऱ्यापाशी मांडला गेला आहे. संध्याकाळी आत डाळ निवडली जाते आणि बाहेर एक दिवस मराठी, एक दिवस कानडी असे वाचन होते. वाचणारा अडला तर आतून कोणी ना कोणी शब्द पुरवते.